साखळीवरचा डेल्बर्ट

डेल्बर्ट अनरूला मत नव्हतं. म्हणजे गव्हाच्या भावाबद्दल होतं, नव्या पाद्र्याच्या लांबलचक प्रवचनांबद्दल तर फारच होतं. पण कॉलेजच्या फुटबॉल संघाबद्दल वीसेक वर्षांत त्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता. कॅन्ससमधलं मार्लो हे गाव असं, की शनिवारी सामना असला तर माणसं मयतसुद्धा रविवारवर ढकलतात. तिथं असा माणूस म्हणजे मुलखावेगळाच.

कारण डेल्बर्ट साखळीवर होता. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. चार डावांत संघ दहा यार्ड पुढं सरकला की नाही, हे पंच त्या साखळीवरून ठरवतात. त्यातली पुढची काठी डेल्बर्टची. आठवडाभर तो धान्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करायचा आणि शनिवारी नारिंगी जाकीट चढवून मैदानाच्या कडेला उभा राहायचा. ही काठी त्याला सासऱ्याकडून मिळाली होती. म्हाताऱ्यानं ती देताना बजावलं होतं, "हे जाकीट अंगात असेस्तोवर तू मार्लोचा नाहीस. टाळी नाही, शिवी नाही. आणि साखळी असते पाहुण्यांच्या बाजूला. त्यांचं जे काही कानावर पडेल ते तिथंच टाकून घरी यायचं."

डेल्बर्टनं ते असं पाळलं की लोकांना वैताग यावा. एकदा ट्वायलाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या भाच्यानं शेवटच्या मिनिटाला सामना जिंकून दिला. पोरगं डेल्बर्टच्या पायांपाशीच येऊन पडलं. सगळं स्टेडियम नाचत होतं आणि हा गडी काठी धरून उभा. पोराचा बाप पुढं कितीतरी दिवस त्याच्याशी बोलला नाही. डेल्बर्टला त्याचं वाईट वाटलं, पण मनातून तो स्वतःवर खूशही होता. माणसाला कशाचा तरी अभिमान हवाच, आणि त्याला ट्रकांचं वजन करण्याचा वाटणं जरा कठीणच.

यंदा मात्र त्याचा जीव मेटाकुटीला आला, आणि त्याला कारण कोल्टन फ्रीसन.

कोल्टन संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येतो, कुणाकडे फेकायचा ते तोच ठरवतो, त्यामुळं जिंकलं तर त्याचं कौतुक आणि हरलं तर त्याचं खापर. सलग दोन उन्हाळे तो कोठारावर डेल्बर्टच्या हाताखाली धान्य झाडायला होता. कामाचा वाघ, तोंडानं गोड. वरच्या वर्गात गेल्यावर त्याला संघाची सूत्रं मिळाली आणि तिथंच माशी शिंकली. त्यानं फेकलेला चेंडू नेमका समोरच्याच्या हातात जायचा. जणू ते वाट बघत थांबलेले असायचे.

कॅफेत खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीच्या रोलवर रोज तोच विषय. "काढा त्याला," एक जण म्हणायचा. "काढून कुणाला घालणार, तुझ्या आजीला?" दुसरा. संघातून गेला तर खेळावरची शिष्यवृत्ती जाऊन कोल्टनचं कॉलेजही सुटणार आणि तो बापाच्या डुकरांत परत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं कुणाचा आवाज खाली आला असं मात्र नाही. ट्वायला 'काढा' पक्षाची. "डेल, तू इतक्या जवळून बघतोस," ती म्हणायची, "एकदा तरी सांग बाबा, ठेवायचा की काढायचा?" डेल्बर्ट रोलला लोणी लावत बसायचा.

कोच पेल्की निर्णय सोमवारी सांगणार होते. त्याच्या आदल्या शनिवारी मार्लो पुन्हा हरलं, आणि त्या दिवशी डेल्बर्टला कारण कळलं.

त्याच्या मागंच पाहुण्यांचा एक सहायक खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. कोल्टन डावासाठी उभा राहिला आणि त्यानं बोटं जिभेला लावली. "चाटली रे," सहायक हसत म्हणाला, "आता फेकणार." त्यानं टॉवेल उंच केला. त्यांची पोरं झपाट्यानं मागं सरकली आणि चेंडू आयता त्यांच्या हातात पडला. पुढच्या डावाला कोल्टननं बोटं चाटली नाहीत. "पळणार," सहायक म्हणाला. कोल्टन पळाला आणि सपशेल आपटला. असं दिवसभर चाललं. डेल्बर्टनं काठी इतकी आवळून धरली की हाताला वळ उठले. वळून त्या टॉवेलवाल्याची मान पिरगाळावी असं त्याला वाटत होतं, आणि तो मूग गिळून उभा होता.

सामना संपल्यावर हेल्मेट काखेत मारून कोल्टन त्याच्याकडं आला. डोळे लाल झालेले.

"मिस्टर अनरू, तुम्ही तर इथूनच बघता. माझं चुकतंय तरी काय?"

डेल्बर्टनं साखळी गुंडाळली. नीट होती तरी परत सोडून पुन्हा गुंडाळली.

"उद्या गारठा पडणार बहुतेक," तो म्हणाला.

पोरगं "हो सर" म्हणून निघून गेलं. त्या 'हो सर'नं डेल्बर्टची झोप उडवली. सासऱ्याला दिलेला शब्द एकीकडं आणि हे पोर दुसरीकडं. बोटं चाटू नकोस, इतकं सांगायला तीन शब्द लागले असते! त्याला सासऱ्याचा राग आला, कोल्टनचा आला, आणि स्वतःचा तर इतका आला की सकाळी चर्चमध्ये शेजारच्या बाईंनी त्याला बरं नाही का म्हणून विचारलं.

चर्च सुटल्यावर तो थेट कोच पेल्कींच्या ऑफिसात गेला. कोच सँडविच खात व्हिडिओ बघत होते. डेल्बर्टनं टोपी काढली आणि बोटांचं, टॉवेलचं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

कोचनी घास गिळला. "माहीत आहे."

"काय?"

"कधीपासून माहीत आहे. त्याला सांगितलं, व्हिडिओ दाखवला, बोटांना तिखट सॉस लावून बघितला. त्याला वाटतं सवय सुटली. घाबरला की हात आपोआप तोंडाकडं जातो, त्याला पत्ताही नसतो."

"मग काढत का नाही?"

"दुसरा पोरगा बोटं चाटत नाही डेल्बर्ट, पण त्याला फेकताही येत नाही!"

डेल्बर्टनं कपाळावर हात मारला. वीस वर्षं जपलेला शब्द मोडला, तोही शिळ्या बातमीसाठी. तो उठायला लागला तेवढ्यात कोचनी सँडविच बाजूला ठेवलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"थांब ना, बस. तुला तिथं ऐकू येतं होय? सगळं?"

"मी ते सांगायला नाही आलो, कोच."

"आत्ता सांगितलंस की." कोच हसले. त्यात वाईटपणा नव्हता, हेच जास्त वाईट. "पोराला वाचवायला आलास ना? मग दर शनिवारी वाचव. ते काय बोलतात ते कळलं तर मी कोल्टनला ठेवतो. टोपी इकडची तिकडं केलीस तरी पुरे. कुणाला कळणार?"

जाकीट गाडीत होतं. डेल्बर्ट खाली गेला, ते घेऊन आला आणि घडी घालून टेबलावर ठेवलं. कोच म्हणाले, "अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस!" डेल्बर्ट दार न लावताच गेला.

सोमवारी कोचनी जाहीर केलं की कोल्टन राहणार. कॅफेत रण माजलं. शनिवारी डेल्बर्ट बाकावर ट्वायलाशेजारी बसला, आयुष्यात पहिल्यांदा. लोक वळून वळून बघत होते. ट्वायला खुशीत होती. तिनं घरून मांस-कोबी भरलेले गरम पाव आणले होते आणि ओरडायला भोंगासुद्धा. "आता तुला कुणाची बंदी नाही," ती म्हणाली. "घशाला कोरड पडेस्तोवर ओरड."

पलीकडं त्याच्या काठीवर कोचचा मेव्हणा होता. डेल्बर्टची नजर त्याच्यावरून हटेना. मेव्हणा पाहुण्यांकडं रेलून उभा होता, कान टवकारून. कोल्टननं बोटं चाटली, पाहुण्यांत कुणीतरी काही बोललं आणि मेव्हण्यानं टोपी फिरवली. कोल्टननं त्याच्याकडं एक नजर टाकली आणि चेंडू भलत्याच बाजूला फेकला, जिथं कुणी नव्हतं. कुणी नव्हतं म्हणजे मार्लोच्या एका पोराशिवाय. तो झेलून थेट शेवटच्या रेषेपार.

स्टेडियम उठलं. गेल्या शनिवारी ज्यांनी कोल्टनला शिव्या घातल्या होत्या ते एकमेकांच्या गळ्यात पडले. मैदानात कोल्टन दोन्ही हात वर करून उड्या मारत होता. त्याच्या तोंडावर असा आनंद डेल्बर्टनं कोठारावरच्या दिवसांनंतर बघितला नव्हता. तो बघून डेल्बर्टला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याचा इतका संताप झाला की हातातला पाव चेंगरला.

"ठेवला तेच बरं झालं!" ट्वायला भोंग्यातून त्याच्या कानात ओरडली. पक्ष बदलायला तिला एक फेक पुरली होती. "अरे, ऊठ ना डेल! बसून काय राहिलास? बोल की काहीतरी!"

डेल्बर्ट पलीकडच्या काठीकडं बघत राहिला. मेव्हणा दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता. काठी गवतात आडवी पडली होती.

"त्यानं साखळी खाली टाकलीय," डेल्बर्ट म्हणाला.