निळ्या डब्यातली पावडर

लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत धुण्याच्या पावडरीचा एक निळा डबा होता. माहेरी गोदावरी जवळ, नळाला पाणी भरपूर. त्या पावडरीचा फेस कोपरापर्यंत यायचा आणि कपड्यांना सुंदर वास लागायचा. साबणाची वडी घासणाऱ्या बायका मला मागासलेल्या वाटायच्या.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आमचे हे नव्या जिल्हा कचेरीत कारकून. कचेरीच्या कपाटांना अजून रंगाचा वास येत होता, आणि गावातला जो तो 'आता आपण जिल्ह्याचे' म्हणून छाती काढून चालत होता. पाऊस मात्र त्या वर्षी फिरकलाच नाही. गल्लीत चार दिवसांनी टँकर यायचा आणि घराला मोजून आठ घागरी मिळायच्या.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई उदगीरच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. कपाळावर विभूती, आवाज खणखणीत. त्यांनी माझा निळा डबा पाहिला आणि झाकण उघडून हुंगला.

"ही पावडर ह्या घरात चालायची न्हाई," त्या म्हणाल्या.

"का हो आत्याबाई? चांगल्या कंपनीची आहे."

"कंपनी चांगली आसंल. पर हिला लई पाणी लागतंय. वडीचं पाणी मी कढीपत्त्याला घालते. हिचं घातलं तर झाड जळंल."

मी मान डोलावली आणि डबा ट्रंकेत परत ठेवला. पण मन मानेना.

एके दिवशी कचेरीत मोठे साहेब पाहणीला येणार होते. आदल्या दिवशी आत्याबाई मठात गेल्या होत्या. ह्यांचा पांढरा सदरा चकचकीत दिसावा म्हणून मी डबा काढला आणि दोन मुठी पावडर टाकली. फेस असा आला की माहेरची आठवण झाली. खळबळायला एक घागर ओतली, तरी फेस होताच. दुसरी ओतली, तरी सदरा बुळबुळीत. तिसऱ्या घागरीला हात लावायची हिंमत झाली नाही. तसाच पिळला आणि वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी हे संध्याकाळी घरी आले ते दारातूनच सदरा काढत. दुपारी पाहणीच्या वेळी ऊन रणरणत होतं, घाम फुटला, आणि सदऱ्यात राहिलेली पावडर अंगाला चावायला लागली. साहेब टँकरचा हिशोब विचारतायत आणि हे एका हातानं फाईल धरून दुसऱ्या हातानं पाठ खाजवतायत.

"साहेब म्हणाले, काय हो, घरी पाणी मिळत नाही का अंघोळीला?"

मला रडू फुटलं. मी सगळं कबूल केलं. दोन घागरींचंही सांगितलं. वाटलं, आता आत्याबाई बोलणार. त्यांनी ह्यांच्या पाठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग खोबरेल तेलाची वाटी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "चोळ आता. तूच केलंयस."

त्यानंतर महिन्याभरातच त्याच कंपनीची जीप गल्लीत आली. भोंगा, रंगीत पताका, पुडे घेतील त्यांना बक्षीस द्यायच्या लाल बादल्या आणि टाय लावलेला एक तरुण विक्रेता. त्यानं शाईचे डाग पडलेला सदरा बादलीत बुडवला, घुसळला आणि फेसाचा डोंगर वर उचलून दाखवला. बायका बघत राहिल्या.

आत्याबाई पुढं झाल्या. "बाबा, आता खळबळून दाखव की."

"मावशी, थोडं पाणी मिळेल?"

गल्लीत कुणी हलेना. शेवटी आत्याबाईंनीच मला एक घागर आणायला लावली. विक्रेत्यानं ती संपवली. फेस तसाच.

"अजून थोडं..."

"चार दिवसांनी टँकर येतंय. तवर थांब," आत्याबाई म्हणाल्या, आणि सगळी गल्ली खदखदून हसली. भोंगा मात्र एकटाच कंपनीचं गाणं वाजवत राहिला.

तो बिचारा फेसाळ हात घेऊन उभा. आत्याबाईंना दया आली. "हाव, हसलो आम्ही, पर तू वाईट मानू नको. चहा घे," म्हणून त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं. फडक्यानं हात पुसून तो बसला. बशीत चहा ओतताना आत्याबाईंनी विचारलं, "कुठला रे तू?"

"जळकोटकडचा."

"मग तुझी आई कशानं धुती?"

त्यानं आधी जीपकडं बघून घेतलं. ड्रायव्हर लांब होता. मग हळूच म्हणाला, "वडीनं, मावशी. आमच्याकडंबी पाणी न्हाई."

कपबशी खाली ठेवायला आत्याबाईंना हसण्यातून सवडच मिळेना. जाताना त्यानं कंपनीची लाल बादली आमच्या ओट्यावर ठेवली. पावडरीचा एकही पुडा न घेता बक्षीस मिळालेलं गल्लीत आमचंच एक घर.

आता घरात नळाला पाणी येतं. दुकानदार तीच पावडर नव्या वेष्टनात पुढं करतो, दोनावर एक फुकट म्हणतो. मी नको म्हणते. तो कारण विचारतो, आणि मी सांगायला लागले की मागची गिऱ्हाइकं खोळंबतात.