शेवटची सोळा पानं

आमच्या छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणायचे. ऱ्हस्वदीर्घाची चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही म्हणून. मी मजकूर टाइप करायचे, ती लाल पेनाने तपासायची. खिडकीखालच्या त्या टेबलाशी आम्ही दोघींनी अकरा वर्षं काढली. त्याआधीची अकरा तिची एकटीची.

मालक सगळंच छापायचे, पण छापखाना चालायचा तो दरमहा निघणाऱ्या कादंबऱ्यांवर. मुखपृष्ठावर बाईचा गळा आणि पुरुषाचा हात. आत एक देखणा, श्रीमंत, डोक्याने बिघडलेला माणूस. तो नायिकेवर असं काही प्रेम करायचा, की तिची पत्रं फोडायचा, तिच्या मैत्रिणी तोडायचा, तिला बंगल्यात कोंडायचा. तो खुनी आहे की प्रियकर, हे शेवटपर्यंत कळायचं नाही.

बाई नाक मुरडायची. "काय हा मेला, बायकोवर पाळत ठेवतो!" आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या विचारायची, "पुढची पानं झाली का ग?"

एकदा मी छेडलंच. "बाई, एवढी ओढ कशाची?"

तिने पेन खाली ठेवलं. "आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. सज्जन माणूस. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पण तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, तुला उशीर का झाला म्हणून. मागे मी केस कापून घेतले, तर चार दिवसांनी माझ्याकडे बघत म्हणाले, काहीतरी वेगळं दिसतंय, पडदे बदललेस का?"

मी खूप हसले. तीही हसली, पण माझ्याआधी थांबली.

"पुस्तकातला तो वेडा असेल," ती म्हणाली, "पण ती कुठे आहे हे त्याला क्षणोक्षणी ठाऊक असतं."

छापलेली एक प्रत ती घरी न्यायची. ती वाचायची तिची लेक, चौदा वर्षांची असल्यापासून.

त्या सुमारास एक कादंबरी आली. नायक मनोविकारतज्ज्ञ. बायकोचं प्रत्येक वाक्य, प्रत्येक स्वप्न तो वहीत टिपून ठेवतो आणि तेच वापरून तिला हळूहळू वेड्यात काढतो. शेवटी बायकोला वही सापडते. भर सकाळी ती दार उघडते, रस्त्यावर येते आणि मिळेल त्या बसमध्ये बसते. संपलं.

मालकांनी कपाळाला हात लावला. "हे चालायचं नाही. वाचकाला तो हवाय. त्याला रडवा, सुधरवा, दोघांना एकत्र आणा." लेखक अडून बसला, एक अक्षर बदलणार नाही म्हणाला. हक्क आधीच मालकांकडे होते. ते बाईकडे वळले. "तुम्ही इतकी वाचलीत. शेवटची सोळा पानं तुम्हीच लिहा."

तिने दोन दुपारी बसून लिहिली, मी टाइप केली. तो वही जाळतो, तिच्या पायांशी बसतो, लहानपणी आई सोडून गेल्याचं सांगतो. ती त्याच्या केसांतून हात फिरवते. खोटं कशाला बोलू, टाइप करता करता माझेही डोळे भरून आले.

ते पुस्तक सगळ्यात जास्त खपलं. बाईने घरी अवाक्षर काढलं नाही. "लेक ती पानं वाचून रडली ग," तिने मला सांगितलं. "मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते." तिचा चेहरा नुसता फुलला होता.

लेकीने स्वतःच लग्न ठरवलं. मुलाचं चष्म्याचं दुकान, बोलणं गोड, राहणं टापटीप. दर तासाला तिला फोन करायचा, रोज ऑफिसातून घ्यायला यायचा. बाई कौतुकाने सांगत फिरली, "जावई जीव टाकतो हो तिच्यावर."

मग नोकरी सुटली. मैत्रिणी सुटल्या. फोन दोघांत एक झाला. बाई भेटायला गेली की लेक आधी नवऱ्याकडे बघायची, मग उत्तर द्यायची. पुढे काय होणार हे बाईला पानापानाने माहीत होतं.

एकदा जावई बाहेर गेलेला पाहून ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर. आहेस तशी."

"तो बदलेल, आई. एवढं प्रेम करणारा माणूस बदलतोच. ते वहीचं पुस्तक आठव ना."

"त्याचा शेवट मी लिहिलाय."

लेकीला आधी थट्टा वाटली. बाईने वाक्यामागून वाक्य म्हणून दाखवलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"मग खरा शेवट काय होता?"

"ती निघून जाते."

"कुठे?"

"ते नव्हतं लिहिलेलं. बसमध्ये बसते, एवढंच."

"बघ," लेक म्हणाली. "तिने जायचं कुठे, हे लिहिणाऱ्यालाही सुचलं नाही. आणि मी कुठे येऊ? तुमच्या घरी? जिथे कुणी कुणाला काही विचारतच नाही?"

बाई एकटीच परतली. दुसऱ्या दिवशी मालकांना म्हणाली, "यापुढे मला पाठ्यपुस्तकं द्या." त्यांनी दिली. कादंबऱ्या दुसरी कुणीतरी तपासू लागली. त्या काही थांबल्या नाहीत.

पुढे जावयाने लेकीला दुकानातच गल्ल्यावर बसवलं, डोळ्यांसमोर. घरी गेलं की दार उघडायचं नाही, पण दुकान सगळ्यांना उघडं. बाई आपल्या चष्म्याचा स्क्रू स्वतःच सैल करायची आणि जायची. लेक बारीक पेचकसाने तो पिळायची, जावई मागे उभा.

"घट्ट झाला?"

"अजून थोडा."

त्या दोन मिनिटांत बाई तिचे हात बघून घ्यायची, नखं, मनगटं. येऊन मला सांगायची, "बारीक झालीय." कधी, "आज हसली."

अशी चारपाच वेळा गेली असेल. शेवटच्या वेळी जावई अदबीने म्हणाला, "आई, ही फ्रेम जुनी झाली. नवी मी पाठवतो. तुम्हाला सारखा हेलपाटा नको."

आठवड्याभरात छापखान्याच्या पत्त्यावर डबी आली. बाईने माझ्यासमोरच उघडली. फ्रेम छान होती, महागडी, पिसासारखी हलकी. तिने उलटीसुलटी करून पाहिली. एका अखंड तारेची होती, स्क्रू कुठेच नव्हता.

"आता काय निमित्त काढू ग?" तिने विचारलं.