जिथं सगळेच पाहुणे

मी गीताबाई. महाडात शाळांचे गणवेश शिवते, त्यामुळे कुठल्या शाळेत कुणाची मुलं जातात हे मला माप द्यायला आलेल्या आयांवरून कळतं. बायका मला विचारतात, कुठल्या शाळेत घालू? मी सांगते ती सोडून भलत्याच शाळेत घालतात आणि वर्षभरानं माझ्याच दुकानात बसून रडतात. सवय झाली आहे.

सारिका आली ती मात्र वेगळंच विचारत. कापडे गावाच्या वरच्या डोंगरात एक वाडी आहे, तिथली ती. नवरा पांडू मुंबईला हॉटेलात, घरी सासू गोदूबाई आणि चौथी पास झालेली पोरगी रेश्मा. दुकानात आली आणि म्हणाली, "मावशी, सगळ्या तऱ्हेची पोरं कुठल्या शाळंत जातात?"

मी म्हटलं, नदीकडच्या शाळेत. एमआयडीसीतल्या बिहारी आणि तेलुगू कामगारांची मुलं तिथं, मोहल्ल्यातली तिथं, बौद्धवाडीतली, कातकऱ्यांची, दोन डॉक्टरांचीसुद्धा तिथंच. आणि स्कॉलरशिपला दरवर्षी तालुक्यात वर नंबर. महाडच्या लोकांना त्या शाळेचे नंबर हवे असतात, पोरं नको असतात. म्हणून तिथं जागा मिळते.

माझ्यावर विश्वास ठेवेल तर ती सारिका कसली! आठवडाभर शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभी राहिली. कोण कुणाच्या गळ्यात हात टाकून बाहेर पडतं, कोण एकटं निघतं, एवढंच बघत. मग येऊन म्हणाली, "हितंच घालते."

कारण विचारलं तर तिनं सांगितलं. लहानपणी ती पोलादपूरकडे मामाकडं राहून शिकायची. वर्गात सगळ्या एकाच गावच्या मुली, एकमेकींच्या नात्यातल्या, आणि ही एकटी डोंगरातली. त्यांनी ठरवलं हिच्याशी बोलायचं नाही. बोलल्या नाहीत. कारणही सांगितलं नाही. सातवीत हिनं दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचं.

"मावशी, जिथं सगळेच पाव्हणे, तिथं कोन कुणाला हाकलील?" ती म्हणाली.

मला ती बाई आवडली. दुकानामागची खोली तिला भाड्यानं दिली, काजं-बटणांचं कामही दिलं. पोरगी पाचवीत गेली.

पण वाडीत एक गावकी असते, आणि गावकीला एक म्होरक्या असतो. इथला म्होरक्या हैबती. वाडीतल्या सातवीपर्यंतच्या शाळेचा पट आधीच घसरलेला; रेश्मा गेली तर शाळा बंद पडेल, म्हणून पोरगी परत आणा, असा त्यानं देवळात निकाल दिला. शाळा वाचवायची, म्हणे. ऐकायला किती छान! सारिका उभी राहून म्हणाली, "माझ्या पोरीनं पट भराया जन्म नाय घेतला." झालं. घर वाळीत पडलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला कळत नाही. कुणी मारत नाही, शिव्या देत नाही. फक्त बोलत नाही. गोदूबाई मागं वाडीतच राहिली होती. घर सोडून माडीवरच्या खुराड्यात राहणार नाही म्हणाली. माझी खोली तळमजल्यावर आहे, पण तिला शहर म्हणजे माडीच. तिच्या भातलावणीला कुणी हात लावेना. विहिरीवर गेली की बायका हंडे उचलून निघून जायच्या. सारिका दर रविवारी जायची, तेव्हा म्हातारी तिच्याशी इतकं बोलायची की दम लागायचा. आठवड्याचं साठलेलं सगळं. पुढं पुढं कोंबड्यांशी बोलायला लागली.

श्रावणात गोदूबाई गेली. पांडू मुंबईहून आला, मी महाडहून गेले. माझ्याबरोबर एक रिक्षावाला आला, मोहल्ल्यातला. त्याची मुलगी वर्गात रेश्माशेजारी बसायची. वाडीत पोचलो तर सगळी दारं अर्धी उघडी आणि प्रत्येक दारात माणसं. एकही जण पायरी उतरला नाही. पांडू प्रत्येक दारापुढं हात जोडून उभा राहिला. लोक त्याच्या डोक्यावरून पलीकडं बघत होते. माणसाची जात इतकी नीच असू शकते हे मी त्या दिवशी बघितलं, आणि अजून आठवलं की माझ्या अंगाची लाही होते.

शेवटी तिरडीला चार खांदे झाले ते असे : पांडू, सारिका, तो रिक्षावाला आणि मी. मडकं खरं तर मुलानं धरायचं, पण मुलगा तिरडीखाली. म्हणून निखाऱ्याचं मडकं धरून पुढं चालली अकरा वर्षांची रेश्मा. वाट निसरडी, तिची बोटं भाजत होती, पण तिनं मडकं टेकवलं नाही. हैबतीच्या दारावरून जाताना त्याचा नातू साहिल, रेश्माच्याच वयाचा, धावत दोन पायऱ्या उतरला. म्हाताऱ्यानं त्याला दंडाला धरून आत ओढलं. मी मागून बघितलं. रेश्मानं काय बघितलं ते मला माहीत नाही.

पुढच्या जूनमध्ये वाडीतली शाळा बंद झाली ती झालीच. आणि हैबती माझ्या दुकानात आला. बरोबर साहिल. त्याच्या मुलानं महाडात घर घेतलं होतं, आणि पोराला घातलं होतं नदीकडच्या शाळेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी माझ्या जागेवरून उठले नाही. माप घ्यायला सारिका उठली.

हैबतीनं तिच्याकडं बघितलं नाही. ती पोराच्या खांद्याला टेप लावत होती आणि तो मला म्हणत होता, "तिला सांगा, बाही जरा लांब ठेव म्हनावं. वाढतं अंग हाय."

ती हातभर अंतरावर होती.

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की. तोंड आहे ना?"

"गावकीचा निकाल हाय, बाई. माझा येकट्याचा नाय."

सारिकानं बाही लांब ठेवली. शिलाई नेहमीसारखी सरळ घातली. मी असते तर कॉलर उलटी लावली असती.

महिनाभरानं शाळेतून सारिकाला बोलावणं आलं. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, साहिलशी वर्गात कुणी बोलत नाही. तो बाकावर आला की बाकीचे उठतात. डबा उघडला की पाठी फिरवतात. बिहारी, तेलुगू, मोहल्ल्यातली, डॉक्टरांची, सगळी एकजात. आणि हे सगळं ठरवणारी एकच. वर्गात पहिली येणारी रेश्मा.

मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण सारिका परत आली ती पांढरीफटक. त्या दिवशी तिनं पोरीला पहिल्यांदा मारलं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"बोल त्याच्याशी! त्या पोरानं काय केलंय तुझं?"

"आजीनं काय केलं होतं?" रेश्मा म्हणाली. रडत नव्हती.



त्या शनिवारी मी म्हटलं, शाळा बदलतेस का? ती म्हणाली, "कुठं जाऊ, मावशी? गावकी माझ्याच घरात ऱ्हायला आली." आणि पुन्हा बटणं लावायला बसली.

तेवढ्यात साहिल आला. एकटाच. शर्टाचं बटण तुटलं होतं. कुणी तरी ओढलं असणार. शर्ट काढून त्यानं सारिकापुढं ठेवला आणि बनियनवर उभा राहिला. वाळला होता. तिनं बटण लावलं, गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

"काकी," तो हळूच म्हणाला, "तू तरी बोल ना गो माझ्याशी."

सारिकाचा हात थांबला. ओठ हलले. मला वाटलं, आता ही त्याला जवळ घेणार. तिनं शर्टाची घडी घातली, त्याच्यापुढं सरकवली आणि माझ्याकडं बघून म्हणाली,

"त्याला सांगा मावशी, झालं म्हनावं."