फंडनानांचा उजवा कौल

फंडनाना देवीला गाऱ्हाणं घालायचे तेही सरकारी अर्जासारखं. आधी भक्ताचं नाव, मग वाडी, गाव, तालुका आणि शेवटी मागणं. मी एकदा हसलो तर म्हणाले, "मास्तरांनू, देवी साऱ्या मुलखाची. आपण खंयचे ता तिका कळाक नको?" धामापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात ते देवळाचे गुरव आणि मी प्राथमिक शाळेचा मास्तर.

फंडनाना हे नाव त्यांना पडलं वर्तमानपत्रामुळे, आणि तो उद्योग माझाच. दोन दिवस शिळा अंक मी देवळाच्या ओवरीत वाचून दाखवायचो. एकदा बातमी आली, की औषधपाणी आणि इस्पितळं यांच्यासाठी कायमचा वेगळा निधी ठेवण्याचं विधेयक विधानसभेत येऊ घातलंय. नानांनी ती तीनदा वाचायला लावली. "म्हणजे ह्यो पैसो रस्त्याक, पुलाक कोण वळवूचो नाय?"

"कायदा झाला तर नाही," मी म्हटलं.

त्या दिवसापासून भेटेल त्याला नाना कुडाळात होणाऱ्या इस्पितळाचं सांगू लागले. बातमीत कुडाळचं नावसुद्धा नव्हतं. लोक फंडनाना म्हणून चिडवायचे, ते त्यांना आवडायचंच.

मग मला धरून आमदारांना अर्ज लिहिणं सुरू झालं. शाई वाळली की अर्ज देवीच्या पायांशी ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, मगच पोस्टात. उत्तर एकाचंही आलं नाही. "वाचतत आसतीत," नाना म्हणायचे. मी करवादायचो आणि पुढचा अर्ज लिहायला बसायचो.

अशात त्यांची बायको, नानी, पोटातल्या गाठीनं अंथरुणाला खिळली. कुडाळच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, घाट चढून कोल्हापूरला न्या, शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी. नाना म्हणाले, "हयच इस्पितळ होतला, तिका घाट कित्याक चढवूचो?"

नानी माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तरांनू, तुमच्या कायद्याक पाय नसतीत तर सांगा. मीच चलत जातंय थंय."

आम्ही सगळे हसलो. काय हसण्यासारखं होतं त्यात, कुणास ठाऊक.

वेंगुर्ल्याहून तिचे दोघे भाऊ तिला न्यायला आले. कुडाळपर्यंत जायला बैलगाडी जुंपून दारात उभी केली. नाना म्हणाले, आधी कौल घेऊया. देवीच्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना त्यांनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार. नानीला न्यावं की ठेवावं, हे विचारायचं, पण नानांनी हात जोडून विचारलं, "कायदो येतलो काय?" उजवी पाकळी लगेच पडली. आमच्याकडे उजव्या कौलापुढे कुणी बोलत नाही. भावांनी देवीला नमस्कार केला आणि रिकामी गाडी घेऊन गेले.

नानी शिमग्याच्या आधी गेली. विधेयक तिच्यानंतर. ते कुठल्याशा समितीकडे पडून होतं, विधानसभेची मुदत संपली आणि त्याबरोबर तेही बारगळलं. बातमी चार ओळींची. तीही मी ओवरीत वाचून दाखवली.

नाना म्हणाले, "देवी खोटा सांगूची नाय. मीच चुकलंय. येतलो काय, ता इचारलंय. नानी आसापर्यंत येतलो काय, ता इचारूक व्हया होता." आणि थोड्या वेळानं, "कागद घेवा, मास्तरांनू."

पुढे मरेपर्यंत त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतले. नाव, वाडी, गाव, तालुका. नाव मात्र आता नानीचं. मेलेल्या बाईच्या नावानं अर्ज चालत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. कायदा काही आला नाही.

नानांचा मला राग येतो, अजून येतो. देवी नुसती पाकळी पाडते, विधेयक म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. त्या दिवशी गाडी जुंपून दारात उभी होती, आणि "नानीला गाडीत बसवा" एवढं म्हणायला तोंड मलाही होतं.