डावा खांदा

शिवणकाम करणाऱ्या मावशींचा दिवस लोकांची मापं घेण्यात जाई, पण नवरा गेल्यापासून त्यांच्या स्वतःच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. मुलगा फोनवर भेटे, तोही घाईत. पाठ धरली म्हणून त्या नवशिक्यांच्या योगवर्गाला जाऊ लागल्या.

पहिलंच आसन ताडासन. पाय जुळवून सरळ उभं राहायचं आणि श्वास घेत हात वर न्यायचे. "मावशी, डावा खांदा खाली," म्हणत शिक्षिकेनं तळवा ठेवून तो हलकेच दाबला. मावशींना एकदम भरून आलं.

तेव्हापासून भुजंगासन जमलं, वृक्षासनही जमलं, पण ताडासनात तो खांदा रोज वरच.

"लोकांचे खांदे बरे सरळ बसवता, मावशी!" शेजारची बाई चिडवायची.

"माझं कापडच आडमुठं, बाई!"

मग एक दिवस शिक्षिका म्हणाली, "आता तुम्ही तयार झालात. उद्यापासून घरीच करा."

"अगं, खांदा चुकतोय की अजून!"

"तेवढं चालतं हो. आरशात बघत जा."

दुसऱ्या दिवशी मावशी दुकानातल्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केले. दाबायला कुणीच नव्हतं, त्यामुळे खांदा अगदी सरळ राहिला.