सगळ्यांत आधी वाळलेली फरशी

मावशी कुणाच्याही घरी गळती शोधायला गेल्या की आधी चपला काढायच्या, पदर खोचायच्या आणि विचारायच्या, "बादली कुठंय?" घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. बोलावलं होतं प्लंबरला, आणि ही बाई फरशी पुसायला निघाली! एका गृहस्थांनी तर तोंडावर सांगितलं, "आमच्याकडं कामाला बाई आहे हो." मावशी म्हणाल्या, "असू दे की. ती पुसून उठते, मी पुसून बघत बसते."

आणि खरंच बसायच्या. गार पाण्यात फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं, सगळी खोली एकाच दिशेनं पुसून काढायची. पंखा बंद, पडदे ओढलेले. मग कोपऱ्यात स्टूल टाकून नुसतं बघायचं. सगळी फरशी एकसारखी वाळली तर काळजी नाही. एखादी मागं राहिली, ओलसर काळी दिसत राहिली, तर तिच्याखाली गार पाणी मुरतंय. आणि एखादी बाकीच्यांच्या आधीच कोरडी ठणठणीत झाली, तर तिच्याखालून गिझरचं गरम पाणी गळतंय. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय का, मावशींना विचारू नका. त्या म्हणतील, पुस्तकवाल्यांनी कधी फरशी पुसलीय का ते आधी विचारा.

त्यांनी पुसली होती. पंधरा वर्षं, रोज पाच घरं. नवरा लवकर गेला, पदरात एक लेक, मग काय करणार? त्यातल्याच एका घरात एक म्हातारे मिस्त्री गळती शोधत होते. अर्धी मोरी फोडून झाली होती, पाणी काही सापडत नव्हतं. मावशी बाजूच्या खोलीत फडकं फिरवत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "मोरीत नाहीये ते," त्या म्हणाल्या, "दाराबाहेरची तिसरी फरशी बघा." घरमालकीण खवळली, "तू तुझं काम कर." पण मिस्त्री शहाणा माणूस. त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि त्या फरशीवर तळवा टेकला. फरशी कोमट होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"रोज पुसते. चार महिने झाले, ती सगळ्यांत आधी वाळते."

"मग चार महिने बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"

मिस्त्री पोट धरून हसले आणि पुढच्याच सोमवारपासून त्यांनी मावशींना हाताखाली घेतलं. बाकीचं सगळं त्यांनी शिकवलं. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरपुढं उभं राहायचं. त्यावरचं बारकं चाक तरीही फिरत असेल, तर घर कुठंतरी गळतंय. फ्लशच्या टाकीत चिमूटभर रंग टाकायचा. पाणी न सोडता खाली भांड्यात रंग उतरला, तर टाकीतलं रबर गेलं. भिंतीला लोखंडी सळई लावून तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावायचा, आत पाणी सुटत असलं तर आवाज येतो. पण फडक्याची युक्ती मावशींची स्वतःची, आणि तिच्या जोरावर मिस्त्रींच्या माघारी दहा वर्षांत त्यांनी एकाही घरात दुसरी फरशी फोडली नव्हती. एक फरशी फोडायची, गळती तिच्याखालीच. गावभर डंका होता. काम झालं की त्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूनं, पेन्सिलीनं घरातल्या पाइपांचा नकाशा काढून द्यायच्या आणि दटावून सांगायच्या, "कुठंही भोक पाडायच्या आधी हे दार उघडायचं. आणि महिन्यातनं एकदा मीटरला भेटून यायचं, तो काही तुम्हाला खात नाही."

अशा बाईचा एका दुपारी लेकीच्या फोननं चेहरा उतरला.

लेकीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. शिकलेली, ऑफिसात चांगल्या जागेवर. सासर खाऊनपिऊन सुखी, घर मोठं, माणसं टापटिपीची. लेकीच्या खोलीच्या भिंतीला खालून ओल आली होती, रंगाचे पोपडे सुटत होते. त्या भिंतीपलीकडं लेकीचीच न्हाणी. आईला न कळवताच दोनदा न्हाणी फोडून झाली होती, नवे पाइप झाले, नव्या टाइल झाल्या, आणि ओल होती तिथंच.

"आणि खापर माझ्यावर फुटतंय, आई," लेक म्हणाली. "मी नळ नीट बंद करत नाही म्हणे, न्हाणीत बदाबदा पाणी ओतते म्हणे. उद्या गवंडी येऊन आख्खी भिंत पाडणार आहे. आम्ही दोघं राहायचं कुठं? आज येतेस का?"

"हे काय विचारणं झालं? निघालेच."

"पण आई..." लेक जरा अडखळली. "एक ऐकशील? इथं फरशी नको पुसूस. त्यांना मी एवढंच सांगितलंय की तुझा प्लंबिंगचा व्यवसाय आहे. आधीचं काही सांगितलेलं नाही. तू त्यांच्यापुढं गुडघ्यावर... मला नाही बघवणार गं."

मावशींच्या काळजात चर्र झालं. पण लेकीला काय बोलायचं! "नाही पुसणार," त्या म्हणाल्या. फडकं मात्र त्यांनी पिशवीत टाकलं. सवयीनंच टाकलं, दुसरं काय.

विहीणबाईंनी दारातच पायात घालायला घरातल्या सपाता पुढं केल्या. त्या घरात सगळेच सपाता घालून फिरायचे. बाई वाईट नव्हत्या, पण प्रत्येक वस्तूवर मालकीहक्काची नजर. मोठ्या काचेच्या कपाटात कपबश्यांचे संच, त्यावर धुळीचा कण नाही. "बघा बाई तुम्हीच," त्या म्हणाल्या. "मी सुनेला काही बोलत नाही. पण तिच्या लग्नाआधी या घरात ओल नव्हती एवढं खरं." लेकीनं मान खाली घातली. मावशी मूग गिळून गप्प बसल्या, आणि हे त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

कामाला लागल्या. सगळे नळ बंद केले, मीटर पाहिला. बारकं चाक फिरत होतं. मग गिझरला पाणी पुरवणारा कॉक बंद केला आणि पुन्हा मीटरपाशी गेल्या. चाक जागच्या जागी थांबलं होतं.

"गरम पाण्याच्या पाइपात आहे," मावशी म्हणाल्या. "ओल दिसते तिथं गळती असतेच असं नाही. पाणी फरशीखालनं उताराला धावतं आणि अडेल तिथं वर डोकं काढतं."

"म्हणजे भिंत पाडायची की नाही?" विहीणबाईंनी विचारलं.

इथंच घोडं पेंड खात होतं. गिझरपासून स्वयंपाकघरापर्यंत पाइप घरातल्या लांबच लांब बोळातून फरशीखालनं गेला होता. तीस-बत्तीस फरश्या. त्यातली कुठली? मावशींनी कॉक पुन्हा उघडला, गिझर चालू केला, सळई लावून कान दिला. शेजारच्या घरात कुणीतरी दगड कापायचं यंत्र लावलं होतं, त्याच्या घरघरीपुढं काय ऐकू येणार, कपाळ? सपाता काढून अनवाणी चालून पाहिल्या. पण इतक्या वर्षांत टाचा रेड्याच्या कातडीसारख्या झालेल्या, गरम-गार धड कळेना. शिवाय खिडकीतलं ऊन अर्ध्या बोळावर पडलं होतं.

मावशी बोळाच्या मधोमध उभ्या राहिल्या. एक हात पिशवीत, पिशवीत फडकं. दहा-पंधरा मिनिटांचं काम! उद्या भिंत पडली असती, त्यातूनही ओल गेली नसती, आणि तिसऱ्यांदा खापर लेकीवरच फुटलं असतं. पण शब्द दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा मावशींना त्या फडक्याची लाज वाटावी असं कुणी म्हटलं होतं, आणि म्हणणारी होती तीच पोर, जिला त्या फडक्यानं मोठं केलं. राग यावा की रडू, त्यांना कळेना.

"सापडत नसेल तर राहू द्या हो," विहीणबाई म्हणाल्या. "गवंड्याला सांगितलेलंच आहे."

लेक आईच्या त्या पिशवीतल्या हाताकडं बघत होती. एकदम ती वळली आणि आत गेली. मावशींना वाटलं, झालं, पोर रडायला गेली. तर ती आली पाण्यानं भरलेली बादली घेऊन. ऑफिसच्या कपड्यांतच होती. सपाता कोपऱ्यात भिरकावल्या, बाह्या वर केल्या.

"आई, फडकं दे."

"अगं, मी शब्द दिलाय..."

"तुला नाही पुसायचं. मी पुसते, तू बघ."

विहीणबाईंनी तोंडावर हात नेला. "अगं, हे काय चाललंय? बाई येईल की उद्या!"

"अहो आई, खिडकीचा पडदा ओढता का जरा?" लेक म्हणाली, आणि ती इतकं सरळ म्हणाली की विहीणबाईंनी मुकाट्यानं पडदा ओढला. पंखाही त्यांनीच बंद केला. गिझर चालू ठेवून, उन्हानं तापलेल्या फरश्या निवेपर्यंत तिघी चहा पीत बसल्या.

मग लेक गुडघ्यावर बसली. फडकं बुडवलं, पिळलं, आणि एका टोकापासून निघाली. एकाच दिशेनं, मागं न फिरता, कोपरे न सोडता. मावशी स्टुलावर बसून बघत होत्या. हे कधी शिकवलं होतं हिला? शिकवलंच नव्हतं. पाच वर्षांची असताना ती लोकांच्या घरी दाराशी बसून असायची, आईचं काम संपायची वाट बघत. तेव्हा बघितलं असणार. मावशींचा ऊर असा भरून आला की त्यांना वाटलं, आता फरशीऐवजी आपलेच डोळे गळतायत की काय.

लेक आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. विहीणबाईसुद्धा नकळत वाकून बघायला लागल्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. सगळा बोळ ओला चकचकीत. मावशींना दिसलं. कुठली ते त्यांना केव्हाच दिसलं होतं. पण ओठ घट्ट मिटून त्यांनी फक्त विचारलं, "काय दिसतंय?"

लेक पुढं गेली. काचेच्या कपाटासमोरच्या एका फरशीवर तिनं अनवाणी पाऊल ठेवलं, मग शेजारच्या फरशीवर, मग पुन्हा त्याच फरशीवर.

"ही," ती म्हणाली. "ही आधी वाळली. कोमट आहे, आई!"

त्या फरशीच्या मधोमध दाराचा स्टॉपर होता. दार उघडताना काचेच्या कपाटावर आपटू नये म्हणून फरशीत स्क्रूनं बसवलेला रबरी ठोकळा. मावशींनी छिन्नी घेतली आणि ती एकच फरशी काढली. स्टॉपरचा लांब स्क्रू थेट गरम पाण्याच्या पाइपात शिरला होता. भोक पडलं होतं, पण स्क्रूनंच ते बुजवूनही ठेवलं होतं. हळूहळू स्क्रू गंजला आणि पाणी झिरपायला लागलं.

"हा कधी बसवला?" मावशींनी विचारलं.

विहीणबाई कपाटाकडं बघत राहिल्या. "लग्नाच्या आधी," त्या म्हणाल्या. आवाज खाली गेला होता. "पाहुणे येणार, कपाटाची काच फुटायला नको, म्हणून मीच बसवून घेतला. उभं राहून."

आता खरं तर मावशींच्या हातात आयतं कोलीत होतं. दहा वर्षांत त्यांनी कुणाची भीड ठेवली नव्हती. पण लेकीच्या तोंडाकडं बघून त्या एवढंच म्हणाल्या, "फरशीखाली काय आहे ते कुणाला दिसतंय, विहीणबाई? आधी विचारायचं, बस."

कॉक बंद करून पाइपाचा तेवढा तुकडा बदलला. कॉक उघडला, नळ सगळे बंद. तिघी जाऊन मीटरपुढं उभ्या राहिल्या. चाक ढिम्म हललं नाही. विहीणबाईंनी गवंड्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग त्या सुनेकडं वळल्या.

"मी उगीचच बोलले तुला. चुकलं माझं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पण हे पुसून बघणं तू कुठं शिकलीस गं?"

मावशी पिशवी भरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आईकडं," लेक म्हणाली. "माझी आई पंधरा वर्षं लोकांच्या घरच्या फरश्या पुसायची. रोज पाच घरं. त्यावर मी शिकले, आणि त्यातनंच ती हे शिकली. तुम्हाला मी सांगितलं नव्हतं, ती माझी चूक. आता सांगते." मान ताठ, आवाज खणखणीत. ऑफिसात असंच बोलत असणार ती.

विहीणबाईंनी आत जाऊन स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार सताड उघडलं आणि पेन्सिल आणून मावशींच्या हातात दिली. "तुम्ही नकाशा काढून देता म्हणे. आमच्याकडं राहिला की हो."

मावशींनी पेन्सिल घेतली, पण पहिली रेघ काही सरळ येईना. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालेलं. लेक बाहेर फडकं वाळत घालत होती, मागच्या दोरीवर नाही, पुढच्या गॅलरीत, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं. मावशींनी डोळे पुसले आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, नीट पीळ ते! ठिबकतंय!"