वायरलेसला मिळालेली खूण

बेकरीवाल्याला चर्चमधली पोरं 'वायरलेस' म्हणायची, कारण त्याचं आणि परमेश्वराचं बोलणं मधे कुठलीही तार न लागता दिवसभर चालू असायचं. नवी गाडी घेतली, तर ती प्रभूनं घ्यायला सांगितली. चुलतभावाला मदत केली नाही, कारण प्रभूनं तशी प्रेरणा दिली नाही. बायकोला या दोघांच्या मैत्रीत एकच गोष्ट खटकायची. इतक्या वर्षांत परमेश्वरानं तिच्या नवऱ्याला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. सख्खी आईसुद्धा एवढे लाड करत नाही.

तसा माणूस वाईट नव्हता. पाव उत्तम करायचा. दारू नाही, शिवीगाळ नाही. फक्त आता त्याला भट्टीमागची खोली हवी होती. भिंत पाडायची, टेबलं टाकायची, गिऱ्हाइकांना बसवून चहा-कॉफी द्यायची. अडचण एवढीच, की त्या खोलीत त्याची मोठी बहीण राहत होती. विधवा, आता कमरेखालून लुळी. लहानपणी याला तिनंच कडेवर वागवलेलं. पलंगावर बसून ती रोज पावाच्या साच्यांना तेल लावून द्यायची.

"शहराबाहेर तो वृद्धाश्रम आहे ना, तिथे अक्काला सोबत मिळेल," एका दुपारी तो बायकोला म्हणाला. "पण माझ्या मनानं मी काही करणार नाही. खूण मागणार. उद्याचे पहिले पाव मस्त फुगून आले, तर समजायचं, प्रभूची इच्छा."

"अहो, पाव फुगणारच की. यीस्ट तुम्हीच घालणार ना?"

"अगं, यीस्ट मी घालतो. फुगवणारा तो."

तिनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम पीठ मळायच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. नवरा डोळे अर्धे मिटून प्रार्थना पुटपुटत होता. नेहमीचं यीस्ट घालून झालं, आणि त्याच्या उजव्या हातानं डब्यातून आणखी मूठभर उचलून पिठात टाकलं. मग साचे भट्टीच्या सगळ्यात उबदार कडेला सरकवले. तिनं त्याचा चेहरा निरखून पाहिला. चोरी करणाऱ्याची नजर कशी असते ते तिला ठाऊक होतं. गल्ल्यावर ती उगाच बसत नव्हती. इथे तसलं काही दिसेना. आपला हात काय करतोय, हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं.

पाव टोप्या घातल्यासारखे साच्यांबाहेर डोकावले. वायरलेस गहिवरला. खरेखुरे अश्रू ओघळले, नाकातलं पाणी मिशीवर आलं, ते त्यानं पिठाच्या हातानं पुसलं आणि मिशीत लगदा झाला. तिला त्याची किळस आली. खोटारडा माणूस एक वेळ परवडला, त्याला निदान खरं काय ते माहीत असतं. यानं स्वतःलाच असं गंडवलं होतं, की पकडायला चोरच शिल्लक ठेवला नव्हता. आणि तसल्या तोंडानं तो देवाचे आभार मानत होता!

रविवारी त्यानं चर्चमध्ये उभं राहून प्रभूनं खूण दिल्याची साक्ष दिली. आवाज कापरा, हात छातीवर. "बहिणीवर माझा जीव आहे. पण आज्ञा ती आज्ञा. मी माझ्या भावना वधस्तंभावर खिळल्या."

म्हणजे बहिणीची खोलीही घ्यायची, आणि वर त्याग केल्याचा मानही. पुढच्या बाकावरच्या बायका डोळे टिपायला लागल्या. एकीनं मागे वळून बेकरीवालीचा हात दाबला. "नशीबवान आहेस गं."

"आमेन!" सगळे म्हणाले.

त्यात सगळ्यात मोठा आमेन तिचाच होता.

ती दचकली. हा कुठून आला? शोधायला लांब जावं लागलं नाही. नणंदेचं बेडपॅन रोज तीच धुवायची. आश्रमाचं नाव कानावर पडलं, तेव्हा तिला सगळ्यात आधी वाटलं होतं, हुश्श! म्हणून तर एक टोमणा मारून ती गप्प बसली. जादा मूठ पडताना डोळ्यांनी पाहिली, आणि तोंडातून शब्द काढला नाही. नवऱ्यानं देवाला पुढे केलं होतं, हिनं नवऱ्याला. इतके दिवस त्याची येणारी किळस आता तिला स्वतःचीच आली.

घरी पोचल्यावर चपलाही न काढता ती आतल्या खोलीत शिरली. मागोमाग नवरा, हसतमुख.

"वन्सं, तुम्हाला आश्रमात ठेवायचं घाटतंय. यांना टेबलांसाठी खोली हवीय, आणि मला तुमचं करायचा कंटाळा आलाय. देवाचा यात काही संबंध नाही. यांनी यीस्ट जास्त घातलं होतं. मी बघितलंय."

"काहीतरीच काय!" वायरलेस म्हणाला. मग त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि तो पाठीमागे लपवला.

अक्कानं हातातला साचा बाजूला ठेवला. "मला कुठे जायचं नाही रे. तुला मी नकोशी झाले असेन तर तसं सांग. तुझ्या तोंडानं. देवाला मधे घालू नकोस."

"अक्का, मी यावर प्रार्थना करून मग..."

"प्रार्थना नंतर. आधी बोल."

सवयीनं त्यानं छताकडे पाहिलं. तिथून काही आलं नाही. "खोली हवी होती," तो अखेर पुटपुटला. "तुझी... तुझी अडचण वाटायला लागली होती."

"हं. हे खरं बोललास. आता माझं ऐक. मी इथेच राहणार. भिंत पाडायची तर माझ्या अंगावर पाड."

"आणि उद्यापासून बेडपॅन तुम्ही धुवायचं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आतून त्याच्या ओकाऱ्या ऐकू येत होत्या, आणि मधूनमधून अक्काचा आवाज. "अरे, लहानपणी तुझं काय मी अत्तर धुतलं का?"

बाहेर बायकोला फार बरं वाटलं. देवानं न्याय केला, असं ती म्हणणारच होती, तेवढ्यात थबकली. ते बरं वाटणं तिनं जरा उलटंपालटं करून पाहिलं. त्यात न्याय चिमूटभर होता, बाकी सगळा सूड.

"शी!" ती स्वतःलाच म्हणाली, आणि पाण्याची बादली भरून आत गेली.